आईची बेचकी

नेल्वाच्या बाळाच्या रक्ताच्या पहिल्याच तपासणीत रोगाचा पिवळा रंग आला, तेव्हा तिचा बाप क्रिसोस्तोमो तडक पुनाता गावच्या प्रयोगशाळेत जाऊन उभा राहिला. मातीच्या भिंतीतल्या विंचुका किड्याने त्याच्या बायकोला, उर्सुलाला, चागास रोग दिला होता. तिचं हृदय फुगत गेलं आणि मागच्या वर्षी थांबलं. मुलगी नेल्वालाही तोच रोग. आता नातवालाही?

तपासणी करणारी सोइला शांतपणे म्हणाली, "ताता, नव्या नर्सने घाई केली. तान्ह्याची ही तपासणी करायचीच नसते."

"का? रक्त त्याचंच ना?"

"रक्त त्याचं, त्यातली बेचकी आईची." तिने दोन बोटं फाकवून दाखवली. "रोगाशी लढायला अंगात तयार होणारं प्रतिपिंड असं असतं. दोन टोकांनी जंतूला धरतं. बाळ पोटात असताना गर्भाशयातली वार ते खालच्या दांड्याला धरून आईकडून बाळाकडे नेते. मी रक्त ज्या छोट्या कप्प्यात तपासते, त्याच्या तळाला जंतूचे तुकडे चिकटवलेले असतात. बेचकी त्यांना धरून बसतात. मी बाकीचं धुऊन टाकते आणि दांड्याला चिकटणारं, रंग आणणारं औषध घालते. पिवळं झालं की बेचकं आहे. कुणाचं, ते कप्प्याला कळत नाही."

"मग तुमचा कप्पा काय कामाचा?"

"कामाचाच आहे. आपण अवेळी विचारलं. आईची बेचकी झिजून जातात. दहा महिन्यांनी या. तेव्हा पिवळं आलं तर ते बाळाचं स्वतःचं. तोवर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधत राहू."

"आणि तोवर मी झोपायचं कसं?"

"बाळ झोपतंय की. तुम्हीच तेवढे जागे."

सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडलं नाही. तरी क्रिसोस्तोमोने घराच्या सगळ्या भेगा पुन्हा लिंपून काढल्या.

ठरल्या महिन्यात तिघं आली. सोइलाने मायलेकरांचं रक्त शेजारच्या कप्प्यांत घातलं. नेल्वाचा कप्पा गडद पिवळा झाला. बाळाचा पाण्यासारखा राहिला.

"अजून थोडं थांबू या," क्रिसोस्तोमो म्हणाला.

"ताता, कितीही थांबा. बेचकंच नाही, तर रंग चिकटेल कशाला? पोरगं निरोगी आहे."

त्याने डोळे पुसले आणि दुसऱ्या कप्प्याकडे बोट केलं. "आणि हिचं?"

"बाळाचं दूध तोडलं की हिच्या गोळ्या सुरू करू. उर्सुलाताईंचं कळायला उशीर झाला. हिचं हृदय अजून ठणठणीत आहे."

"त्या गोळ्यांनी अंगभर पुरळ उठतं म्हणे," नेल्वा कुरकुरली.

"पुरळ उतरतं," क्रिसोस्तोमो म्हणाला. "बाळ दे इकडे आणि गोळ्या कुठे मिळतात ते नीट विचारून घे."