यमुनाबाईंची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. रागावणं पाटीला शोभत नाही म्हणतात. पण माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून बोलते आहे.

दूरच्या खाणीतून मला खणून काढलं, तासलं, घासलं. रत्नागिरीच्या सुताराने मला फणसाच्या लाकडाची चौकट घातली. मुलींच्या शाळेत सुमेधाबाई शिकवायच्या. त्यांच्या वर्गातल्या कितीतरी मुलींनी माझ्यावर अक्षरं गिरवली. मग नव्या पाट्या आल्या आणि मी कपाटात धूळ खात पडले.

एकोणीसशे एकतीसच्या दिवाळीनंतर सुमेधाबाईंनी मला बाहेर काढलं आणि शेजारच्या यमुनाबाईंकडे नेलं. यमुनाबाई विधवा होत्या, आणि त्यांना क्षय झाला होता. येता पावसाळा काही त्या काढायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी त्यांच्या देखतच सांगितलं होतं. घरच्यांनी त्यांना आंब्याच्या बागेतल्या खोपटात ठेवलं होतं. समोर खाडी. दिवसभर त्या पाण्याकडे बघत बसायच्या.

"हे पाणी रोज कुठे जातं नि परत का येतं गो?" त्यांनी सुमेधाबाईंना विचारलं.

"पुस्तकात आहे. वाचून दाखवू?"

"नको. मला वाचायला शिकव. माझं मीच बघेन."

त्यांनी मला मांडीवर घेतलं. खोकल्याची उबळ आली की रेघ वाकडी जायची. त्या पुसायच्या आणि पुन्हा काढायच्या. इतक्या हट्टाने माझ्यावर कोणी लिहिलं नव्हतं.

एक दिवस त्यांचे धाकटे दीर परशुराम बागेत आले. मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वहिनी, तुमचे आता रामाचं नाव घ्यायचे दिवस. शिकून करणार काय?"

"तुम्ही कलमं का लावता, भावोजी? तुम्ही तरी कुठे कायमचे राहणार?"

"आंबे पोरं खातील. तुमचं शिकणं कोण खाणार?"

"मी खाणार," त्या म्हणाल्या. "आहे तोवर."

परशुरामांनी मला उचललं आणि बागेच्या कुंपणाला रचलेल्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर भिरकावलं. माझा कोपरा उडाला. कोपऱ्यापेक्षा अपमान जास्त लागला. यमुनाबाई झाडांचा आधार घेत आल्या, त्यांनी मला पदराने पुसलं आणि अर्धा राहिलेला शब्द पुन्हा लिहून पुरा केला.

चैत्रात त्यांनी भूगोलाच्या पुस्तकातलं भरती-ओहोटीचं पान वाचलं. बोट ठेवून, अडखळत, एकटीने. खाडीला भरती लागली होती. "चंद्र ओढतो होय," त्या हळूच म्हणाल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

ज्येष्ठात त्या गेल्या. त्यांचं अंथरूण जाळलं, मला अंगणात टाकलं. तेराव्याला आलेली माणसं हात धुता धुता म्हणाली, "बिचारीनं शिकून शेवटी मिळवलं काय?"

मला तोंड असतं तर तिथेच सुनावलं असतं. मरणार तर सगळेच. म्हणून कोणी जेवण सोडत नाही, बांधावरून भांडणं सोडत नाही. मग जाणून घेणं तेवढं का सोडायचं? दिवस थोडे उरले म्हणून प्रश्न लहान होतो का?

सुमेधाबाईंनी मला उकळत्या पाण्याने धुऊन शाळेत नेलं. मित्रांनो, मला जपा असं मी सांगत नाही. मी दगड आहे, टिकेन. पण शिकायला बसलेल्या माणसाला "आता कशाला?" असं कधी विचारू नका. त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि बाजूला व्हा. त्याला वेळ कमी आहे.