जामीनदार घेऊनच या

दर गुरुवारी इथल्या एका पेपरात माझा कॉलम येतो. कोर्टांचे निकाल आणि माणसाचे हक्क, असा विषय. वर काळ्या कोटातला माझा फोटो असतो, दहा वर्षांपूर्वीचा. वकिली सव्वीस वर्षं केली, पण सोलापुरात लोक मला ओळखतात ते त्या फोटोवरून. मला ते आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू?

त्या गुरुवारी मी जामीन मंजूर होऊनही तुरुंगातच राहिलेल्या माणसांवर लिहिलं होतं. जामीनदार मिळत नाही, म्हणून ती आत. वरच्या कोर्टानं सांगितलंय, की महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर खालच्या कोर्टानं अट सैल करण्याचा विचार करावा. माणसाच्या स्वतःच्या सहीवरही सोडता येतं. वकिलांनाही मी चांगलं झोडपलं होतं. एका पानाचा अर्ज करायला यांचे हात झिजतात का, हे माझंच वाक्य.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. लेख वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. तेवढ्यात कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसच्या दारात केसरबाई येऊन उभी राहिली, हातात घडी केलेला पेपर. मी हातानंच बसायला सांगितलं. स्तुती कुणाला नको असते? तो फोन अर्धा तास चालला.

केसरबाई कुंभारी गावच्या विडी कामगारांच्या घरकुलात राहते, विड्या वळते. तिचा मुलगा बाळू एका कारखान्यात हेल्पर होता. तिथली तांब्याची वायर चोरीला गेली आणि आळ ह्याच्यावर आला. त्याचा जामीन मीच मंजूर करून घेतला होता, मागच्या वर्षी. त्यानंतर तो खटला माझ्या डोक्यातून उतरला. तारखा माझा कारकून श्रीमंत घेत होता, मी त्याला कधी काही विचारलं नाही. जामीन झाला की अशील घरी जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही, हे मी धरूनच चालते.

"बाळू काय करतो आता?" मी विचारलं.

"आतच हाय की, बाई."

मला वाटलं, दुसरी काही भानगड केली. तसं नव्हतं. तीच केस, तोच जामीन, अकरा महिने. घर मेलेल्या नवऱ्याच्या नावावर, अजून हिचं नाव चढलेलं नाही, म्हणून हिला स्वतःला जामीन राहता आलं नाही. बाकी कोण उभं राहतंय? काल विड्या वळताना शेजारच्या सोनाबाईनं पेपर उघडला, त्यात हिनं माझा फोटो ओळखला आणि लेख दोनदा वाचून घेतला.

"मग इतके दिवस आला का नाहीत?" माझा आवाज चढला. तो चढतोच, अशिलांवर तर लवकर.

"तुमीच म्हनलं हुतं की," ती शांतपणे म्हणाली. "जामीनदार घिऊनच या. जामीनदार काय घावला न्हाय. मग रिकामं कसं यायचं?"

असं मी सगळ्यांनाच म्हणते. जिना उतरता उतरता, दुसऱ्याची फाईल चाळता चाळता. तिनं तो कोर्टाचा हुकूम धरला होता. मला लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. इंजेक्शन दिल्यावर हिरडी होते, तसं आतून सगळं बधिर.

मग तिनं खरं काम सांगितलं. आज बाळूची तारीख होती. आतली माणसं त्याला शिकवत होती, की कबूल म्हणून टाक, जेवढं भोगलंस तेवढीच शिक्षा देतील, त्याच दिवशी घरी. तो ऐकायच्या बेतात होता.

"त्यानं चोरी केल्याली न्हाय, बाई. पर लई कटाळलाय."

अर्ज मी स्वतः टाईप केला. दहा मिनिटं लागली, पानही एकच. प्रिंट ओली असतानाच जिना उतरले. केसरबाई मागून पळत येत होती, चप्पल हातात घेऊन.

तुरुंगातले आरोपी व्हिडिओवर असतात आणि ती प्रकरणं आमच्या त्या कोर्टात अकराच्या ठोक्याला घेतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. कोर्टाचे क्लार्क विरुपाक्ष माझ्या हातातला कागद बघून हळूच म्हणाले, "मॅडम, झालं की ते."

बाळूनं गुन्हा कबूल केला होता. जजसाहेबांनी नियमाप्रमाणे दोनदा विचारलं, परिणाम समजावले. वकील हवा का म्हणून विचारलं, तर तो नको म्हणाला. शिक्षा भोगली तेवढीच. प्राध्यापकांच्या फोनमध्ये बाळूचा खटला गेला.

संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकाशी मीही गेले. का गेले, ठाऊक नाही. बाळू कापडी पिशवी घेऊन बाहेर आला, आईला भेटला आणि सरळ माझ्या पाया पडला. मी त्याला सांगितलं, की माझी चूक झाली, अकरा महिने माझ्यामुळे गेले. वरच्या कोर्टात जाऊ, हा चोरीचा शिक्का पुसायचा प्रयत्न करू.

"नगं बाई. सुटलो की," तो म्हणाला. "आता कोर्टाचं नावबी नगं."

मग जरा घुटमळून त्यानं एक काम सांगितलं. एका कंपनीत वॉचमनची जागा आहे, फक्त पोलिसांचा दाखला मागतात, ह्याच्यावर गुन्हा नाही म्हणून. मी एक चिठ्ठी दिली तर बरं होईल. माझा फोटो पेपरात येतो, माझं ऐकतील.

त्याला कळलेलंच नव्हतं आज त्यानं काय कबूल केलं ते. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून रोजचाच शब्द आला. "बघते," मी म्हणाले. "सोमवारी या."

केसरबाईनं मान हलवली. डोळे पुसले, पदर नीट केला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "येताना काय घिऊन येऊ, बाई?"