पडद्यापलीकडची खुर्ची

गोगाने परदेशी यायला होकार दिला तो एकाच अटीवर. "आजी, मी कुणाला दिसता कामा नये."

"अगं, आपण सावल्यांचा खेळ करणारी माणसं. आपण कधी दिसतो का कुणाला?" असं म्हणून मी तिला शब्द दिला.

गोगा माझी नात. अनोळखी माणूस दिसलं की अंग चोरते, म्हणून घरातले तिला गोगलगाय म्हणू लागले आणि त्याचंच पुढे गोगा झालं. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. पण पांढऱ्या पडद्यामागे दिव्यापाशी बसली की हीच पोर हरिणी होते, शिकारी होते, नदीसुद्धा होते. आमच्या मंडळात एक रीत आहे. चामडं खरवडून, भोकं पाडून ज्याने बाहुली कापली, त्यानेच ती नाचवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्यामुळे हरिणी फक्त गोगाची, बगळा फक्त माझा. तिचा डोळा कोरताना टोच्या सरकला आणि भोक जरा मोठंच पडलं, ही खंत गोगा अजून उगाळत असते.

दोन देशांतल्या मुलांनी एकमेकांची कला बघावी, म्हणून तिकडच्या एका बाहुल्यांच्या शाळेने आम्हाला बोलावलं होतं. खोली लांबट, उंच खिडक्यांना जाड पडदे, लाकडी जमिनीला नुकत्याच लावलेल्या मेणाचा वास. मधोमध आमचा पडदा ताणून तयार होता. पण बाक सगळे आमच्याच बाजूला, दिव्याकडे मांडलेले! पलीकडे, जिथे सावल्या पडायच्या, तिथे एकच खुर्ची.

"घोटाळा झालाय," मी ढब्बूला म्हटलं. ढब्बू माझा नातू, आमचा ढोलकीवाला. आम्ही दोघांनी एक बाक उचलून पलीकडे नेला. शाळेचे दाढीवाले गुरुजी लगबगीने आले, हसले, मान लववली आणि तोच बाक उचलून पुन्हा होता तिथे ठेवून गेले. आम्ही परत नेला. त्यांनी परत आणला.

"आजी, हे तुझ्याच वळणावर गेलेत," ढब्बू म्हणाला.

शेवटी दुभाषी ताई मदतीला धावली. "आजी, बाक बरोबर आहेत. इथले लोक याच बाजूला बसतात. त्यांना हात बघायचे असतात."

"मग ती एकटी खुर्ची?"

"ती पाहुण्यांची. खेळ झाल्यावर कळेल तुम्हाला."

मी वळून पाहिलं. गोगा हरिणीला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. "तू शब्द दिला होतास," ती पुटपुटली.

"दिला होता, आणि तो मोडणार नाही. बाक वळवायला सांगते. नाहीच वळवले तर पेटी भरायची आणि घरी जायचं."

मी मनापासून बोलत होते. मुलाला ओढून पाण्यात उतरवलं की ते पोहायला नाही, घाबरायला शिकतं.

गोगाने हरिणीच्या नाचवायच्या काडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हात कशाला बघायचेत त्यांना?"

ताईने विचारलं. गुरुजी सरळ जमिनीवर मांडी घालून बसले आणि आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे पसरले. जाड बोटं, जागोजागी टोच्याचे जुने व्रण. अगदी माझ्या हातांसारखे. ते काहीतरी बोलले. ताई म्हणाली, "तुमची भाषा आम्हाला कळत नाही, म्हणतायत. पण हात कळतात."

"तोंडाकडे नाही ना बघणार?"

"नाही," ताई गुरुजींना विचारून म्हणाली.

"बघितलं तर मी उठणार."

"खुशाल ऊठ," मी म्हटलं.

दिवा लागला. बाक भरले. ढब्बूने ढोलकीवर थाप मारली, तरी हरिणीला आवाज फुटेना. ढब्बूने तोच ठेका पुन्हा धरला, मग पुन्हा. गोगाने हळूच मान वर केली आणि मीही तिच्या नजरेमागे पाहिलं. तिच्या तोंडाकडे एकही माणूस बघत नव्हता. सगळ्यांचे डोळे तिच्या बोटांवर होते, आणि बाकांवर, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या मांड्यांवर, सगळ्यांची बोटं हलत होती. गोगाने काडी कलती केली की त्या साऱ्या हातांची मनगटं कलायची. जणू त्या खोलीत एकच हरिणी होती आणि ती सगळे मिळून चालवत होते.

गोगाचा आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला. हरिणी धावली, शिकारी चुकला, माझा बगळा नदीकाठी नेहमीसारखा एका पायावर उभा राहिला.

खेळ संपला तरी कुणी उठेना. गुरुजींनी गोगापुढे हात पसरला. ताई म्हणाली, "आता हरिणी त्यांना दे आणि पलीकडच्या खुर्चीत जाऊन बस. खेळ करणाऱ्याला स्वतःचा खेळ कधी दिसत नाही ना? पाहुण्याला तो दाखवून पाठवायची इथली पद्धत आहे."

गोगाने माझ्याकडे पाहिलं. आमची रीत तिला ठाऊक होती, मला त्याहून जास्त. "हरिणी तुझी आहे, तूच ठरव," मी म्हटलं.

तिने ती पुढे केली. अगदी हळू, झोपलेलं बाळ देतात तशी.

पडद्यापलीकडे ती दिसेनाशी झाली. गुरुजींनी हरिणी पाण्यावर वाकवली, मान उचलायला लावली आणि तिला तसंच स्थिर धरलं. मग पलीकडून, भरल्या सभेत, गोगाचा आवाज आला, हरिणीचा नाही, शिकाऱ्याचा नाही, तिचा स्वतःचा, खणखणीत.

"आजी! तिचा डोळा चमकतोय! ती माझ्याकडे बघतेय!"

ढब्बू ढोलकी सोडून उभाच राहिला. "आपली गोगा ओरडली?"

गोगा पडद्याला वळसा घालून धावत आली. त्या सगळ्या अनोळखी माणसांदेखत माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. "बगळा दे इकडे."

"कुणाला? अगं, तो माझा आहे."

"म्हणूनच. तू कधी पाहिलायस का त्याला?"

नव्हता पाहिला. आयुष्यभर मी त्याच्या पाठीशी बसले होते. काडीवरची माझी बोटं सोडवायला मला जरा वेळ लागला. मग मी पलीकडे गेले आणि त्या खुर्चीत बसले.

समोर पांढराशुभ्र उजेड होता. त्यात कडेने, एक एक पाऊल टाकत, माझा बगळा आला.