पिशवीतून उतरलेली इस्त्री

सिनेमागृहातली लाल खुर्ची. दातांच्या दवाखान्यातला बाक. बसची खिडकी. लग्नाच्या हॉलमधला भेटवस्तूंचा ढीग, ज्यात मी चुकून गेले होते. तरणतलावाचं फाटक.

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे, आणि हे सगळं मी पिशवीतून पाहिलं आहे.

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला आणलं. "कॉलर बसवावी तर हिनेच," असं त्या कौतुकाने म्हणत. मग त्यांच्या मनात शंका शिरली. इस्त्री चालू राहिली तर? घर जळालं तर? त्या जिन्यातून परत येत, प्लग चाचपत, पुन्हा येत. शेवटी मलाच सोबत नेऊ लागल्या.

"लोक कुत्रा फिरवतात, आमची ही इस्त्री फिरवते," नवरा म्हणे. पण लेकीच्या पोहण्याच्या शर्यतीला पहारेकऱ्याने मला आत सोडलं नाही, आणि बाई फाटकातूनच परतल्या. त्या दिवशी तो हसला नाही.

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी बाईंच्या मांडीवर होते.

"याला ओसीडी म्हणतात, म्हणजे मंत्रचळ," त्या म्हणाल्या. "कुणी कातडी सोलवटेपर्यंत हात धुतं. कुणी चपला एका रेषेत लावत बसतं. कुणी मनात आकडे मोजतं, कुणाला आपल्याच माणसांबद्दल भलतेसलते विचार छळतात. तुम्ही तपासता. तपासलं की घटकाभर बरं वाटतं, आणि शंका आणखी माजते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही सारखा धीर देणं थांबवा."

सराव सुरू झाला. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत माझ्याविना. मग बाजारापर्यंत. बाई घामाघूम होऊन परतत, पण परतत.

पुढची शर्यत आली. "आई, या वेळी शेवटपर्यंत थांबशील?" लेकीने विचारलं.

मी टेबलावरच होते. दारात बाई थबकल्या.

"अहो, बंद केली ना मी?"

इतकी वर्षं तो "केलीस गं" म्हणत आला होता. आज बुटाची नाडी बांधत म्हणाला, "माहीत नाही. चल, उशीर होतोय."

कुलूप लागलं. पावलं जिन्यात थांबली. बराच वेळ थांबली. मग खाली उतरत गेली.

संध्याकाळी लेक ओल्या केसांनी फोनवर सांगत होती, "आत्या, चौथी आले. पण आईचा आवाज पाण्यातसुद्धा ऐकू येत होता."

बाई माझ्या शेजारून गेल्या, पाणी प्यायल्या, पंख्याखाली बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मित्रांनो, एवढा मान मला कुठल्याच कॉलरने दिला नव्हता.

तुमच्या घरी कुणी असं अडकलं असेल तर हसू नका. डॉक्टरांपर्यंत त्यांच्यासोबत चला.

माझ्या खोक्यावर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं : फक्त घरगुती वापरासाठी.