डॉक्युमेंट करून पाठवलेला फोटो

"अहो, टँकर आला!" उमाताईंनी खालून तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा लक्ष्मणराव घुबडाच्या छातीवर आपलं नाव छापत होते.

नाव कोपऱ्यात टाकलं की चोर कोपराच कापून टाकतो, हे त्यांचं ठाम मत. म्हणून नाव बरोबर मधोमध. त्याआधी फोटो लहान करायचा, रुंदीला बाराशे ठिपके, एक जास्त नाही. मोबाईलवर बघायला झकास, पण कुणी छापून भिंतीवर लावायला गेलाच तर नुसत्या चौकटी दिसाव्यात. पाच हजार ठिपक्यांचा मूळ फोटो कपाटातल्या हार्डडिस्कमध्ये आणि कपाटाची किल्ली जानव्याला.

बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलेला माणूस. साहेबांनी डोळ्यांदेखत सही केली तरी हे ती जुन्या सहीशी ताडून बघत. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला, पक्षी-प्राण्यांच्या नादी लागले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. पुंडलिकनगरात त्या वर्षी आठव्या दिवशी नळ यायचा, आणि तेवढंही पाणी शेजारी मोटर लावून ओढतो याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुरावा मात्र अजून सापडायचा होता.

सबंध जगात विश्वास टाकला तो एकट्या करीमवर. करीम फर्दापूरचा. लेणी बघायला येणाऱ्यांना स्फटिकाचे दगड विकायचा. दगडांच्या शोधात त्यानं मागचे सगळे डोंगर पालथे घातले होते. त्यानंच मार्चमध्ये लक्ष्मणरावांना एका कोरड्या घळीत नेलं. वरच्या कपारीत शृंगी घुबडाची मादी बसली होती आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं, उकललेल्या कापसाच्या बोंडासारखी.

"काका, ही अमानत समजा," करीम दबक्या आवाजात म्हणाला. "फोटो काढा, दुनियेला दाखवा. पर जागा कुणाला सांगायची नाय. लोकं लई येडी असत्यात."

"मी सांगतोय? अरे, एटीएमचा नंबर मी अजून बायकोला सांगितलेला नाही!"

करीम खो खो हसला आणि त्यांना जेवायला घरी घेऊन गेला. परक्या घरचं पाणीसुद्धा पारखून पिणारे लक्ष्मणराव, पण करीमच्या बायकोच्या, शकीलाच्या हातची अंबाडीची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. निघताना तिनं कोसभरावरून आणलेल्या पाण्यातून त्यांची बाटली भरून दिली. त्यांना आतून फार बरं वाटलं होतं.

तर तो घुबडाचा फोटो लहान झाला, नाव छापलं गेलं आणि फोटो निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर पडला. वाहवा झाली. पण ग्रुप चालवणाऱ्या हिमांशूनं खाली लिहिलं, "काका, फोटो एक नंबर. पण नेटवरचा वाटतो. तुमचाच असेल तर ओरिजनल टाका ना, डॉक्युमेंट करून. क्वालिटी जात नाही."

संशय घ्यायचा मक्ता आपला, आणि हा कालचा मुलगा आपल्यावरच संशय घेतो! लक्ष्मणरावांचा तिळपापड झाला. पण त्या 'डॉक्युमेंट' शब्दापुढे त्यांचं काही चालेना. बत्तीस वर्षं या शब्दापुढे त्यांनी मान तुकवली होती. डॉक्युमेंट म्हणजे पुरावा. ते समोर ठेवलं की भल्याभल्यांची तोंडं बंद होतात. त्यांनी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मूळ फाइल जशीच्या तशी ग्रुपवर टाकली. हिमांशूनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग ते हंडे उचलून टँकरच्या रांगेत ताठ मानेनं उभे राहिले.

पुढच्या रविवारी ते घळीकडे गेले, तर नाल्यात सात गाड्या उभ्या. कपारीखाली माणसांची ही गर्दी. घुबडानं डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून एक जण खडे मारत होता. मादी कधीच उडून पलीकडच्या कड्यावर गेली होती आणि पिल्लं रणरणत्या उन्हात उघडी पडली होती. करीम दोन्ही हात पसरून ओरडत होता, "मागं व्हा! मागं व्हा!"

लक्ष्मणरावांच्या मनात पाल चुकचुकली. ही जागा माहीत असलेली माणसं दोनच. त्यातला एक मी. मी तर कुणाला बोललो नाही. मग?

"किती जणांना आणलंस?" त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं. "अमानत म्हणे! धंदा मांडलास तू, धंदा!"

करीमनं त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. काहीतरी बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"घरी जावा काका," एवढंच तो म्हणाला. "ऊन लई हाय."

गप्प बसला म्हणजे गुन्हा कबूल, हा कचेरीतला हिशेब. एसटीत बसल्या बसल्या लक्ष्मणरावांनी करीमचा नंबर ब्लॉक केला. तीन दिवसांनी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की पिल्लं दगावली आणि मादी परतलीच नाही. "तरी मला वाटतच होतं, कुठंतरी पाणी मुरतंय," ते उमाताईंना म्हणाले. उमाताई म्हणाल्या, "मला नाही वाटत करीम तसा." त्यावर लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडेही जरा संशयानं पाहिलं.

एप्रिलमध्ये मुलगी पुण्याहून आली. तिला घुबडाचा फोटो फ्रेम करून हवा होता. लक्ष्मणरावांनी मूळ फाइल तिच्या मोबाईलवर दिली. तिनं फोटो उघडला, बोटानं वर सरकवला, तर खाली नकाशा आला.

"बाबा, फर्दापूरच्या मागं का हे? अगदी घळीवर टिंब आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? फोटोच सांगतोय. तुमच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू आहे."

चालू होतीच. कॅमेरा घेतला त्याच दिवशी त्यांनी स्वतः ती चालू केली होती. उद्या कुणी म्हणालं की फोटो तुमचा नाही, तर तारीख, वेळ, ठिकाण, सगळं हाताशी असावं म्हणून.

"पण मी तर कायम फोटो ग्रुपवर टाकतो," ते कसंबसं म्हणाले.

"ते लहान करून ना? लहान करताना तुमचं सॉफ्टवेअर ही सगळी माहिती गाळून टाकतं. डॉक्युमेंट करून मूळ फाइल पाठवली, की नकाशासकट जाते. तशी नाही ना पाठवलीत कुणाला?"

लक्ष्मणरावांना इतकी लाज वाटली, की मुलीच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते फर्दापूरला गेले. सिल्लोडपुढचा रस्ता उखडलेला, नाकातोंडात धूळ. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते चारदा मनात जुळवलं. करीम गाड्यावर दगड मांडत होता.

"आइए साहब, क्रिस्टल देखिए," तो खाली मान घालून म्हणाला.

"करीम, मी आहे."

"दिसलं साहेब."

जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. "चूक माझी होती रे. फोटोच्या आतच जागा लिहिलेली होती. मीच टाकला तो ग्रुपवर, माझ्या हातानं."

"मालूम हाय," करीम म्हणाला. "त्याच दिशी कळलं. त्या समद्यांच्या मोबाईलमधी तुमचाच फोटो व्हता. एकानं नकाशा बी दाखवला."

"मग बोलला का नाहीस? मी चारचौघांत तुला नाही नाही ते बोललो!"

करीम हातातला दगड फडक्यानं पुसत राहिला.

"तुमच्याच गावची माणसं व्हती ती," तो म्हणाला. "त्यांच्याम्होरं तुमची काय इज्जत ऱ्हायली असती?"

लक्ष्मणरावांनी हात जोडले. तेवढ्यात मागं प्रवाशांची एक बस येऊन थांबली आणि माणसं उतरू लागली.

"जरा बाजूला व्हता का साहेब?" करीम म्हणाला. "गिऱ्हाईक आलं."

लक्ष्मणराव बाजूला सरकले आणि उन्हात उभे राहिले.