चॅपलची हळद लागलेली पायरी

मी पायरी. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी मिशनचा जुना दवाखाना आहे ना, त्याच्या चॅपलची दगडी पायरी. थांबा, लगेच ओलांडून जाऊ नका. लोकांना ती सवयच आहे.

शंभरेक वर्षांपूर्वी इथल्याच पाथरवटांनी मला घडवलं. सहा लाकडी बाक, एक क्रूस आणि कोनाड्यात मेणबत्ती, एवढंच काय ते चॅपल. पण आजाऱ्याचे नातेवाईक कुठल्याही जातीधर्माचे असोत, माझ्यापाशी चपला काढून आत जायचे. बाहेर येताना मात्र निम्मे जण दुसऱ्याच्याच चपला घालून जायचे. काळजीत माणसाला पायांचंही भान राहत नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी डोंगरातली अंबाबाई आली. तिची सून दोन दिवस अडली होती. अंबाबाईनं दारातून आत डोकावून पाहिलं, मूर्ती काही दिसेना. मग तिनं मलाच देव ठरवलं, कनवटीची हळद मला लावली नि म्हणाली, "माजी सून सुटू दे. नवा भात निघाला की पयली मूठ तुलाच."

दुपारी नातू झाला, गोरख. मी दगड असून लाजले. दवाखान्यातली आया लंकाबाई फडकं घेऊन मला पुसायला आली, तर पाद्रीबाबा म्हणाले, "राहू दे गं. नवस तिचा आहे, पुसणारे आपण कोण?"

भात निघाल्यावर अंबाबाई खरंच तांदूळ घेऊन आली. तिचं बघून इतर बायाही येऊ लागल्या. त्या तांदळाची पेज करून लंकाबाई बाळंतिणींना पाजायची. मला लई मान होता, खोटं कशाला बोलू.

यंदा डॉक्टरांनी चॅपल पाडायचं ठरवलं. छप्पर खचलं होतं आणि सोनोग्राफीच्या मशीनला दुसरी जागा नव्हती. पोटुशा बायका एसटीत हादरे खात नारायणगावला जात, ते मीही बघत होते. डॉक्टरांचं खरंच होतं. तरी मला रडू आलं.

पाडायला गवंडी आला तो गोरखच. त्यानं भिंती उतरवल्या, बाक व्हरांड्यात मांडले. प्रार्थना आता तिथं होते. मग त्यानं माझ्याखाली पहार घातली. तशी म्हातारी लंकाबाई येऊन माझ्यावर बसलीच.

"गोरख, तुज्या आजीनं तुला हिच्याकडं मागितलाय."

गोरखनं पहार खाली ठेवली. "आजी म्हनायची, दवाखान्यातला देव. मला वाटलं, आत कुठंतरी आसंल." मग तो डॉक्टरांकडं गेला. "सायेब, नव्या खोलीचं दार हितंच काढतो. पायरी न्हाई हलवायची." डॉक्टर हो म्हणाले.

गेल्या आठवड्यात मशीन सुरू झालं. गोरखची बायको आरती तपासायला आली. तिनं चपला काढल्या, आत डोकावून पाहिलं. मूर्ती तेव्हाही नव्हती. तिनं वाकून मूठभर नवे तांदूळ माझ्यावर ठेवले. बाळ चांगलं आहे म्हणे.

आलात कधी इकडं, तर जरा पायाखाली बघा. आणि जाताना चपला आपापल्याच घाला.