नुसती फुंकर

नाशिकरोडच्या त्या बँडमध्ये कार्यक्रमाला काय वाजवायचं ते ललिता ठरवायची, आणि तिने ठरवलं की ते ठरलं, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. मान्य न करून सांगतात कुणाला? बाकीच्यांच्या हाती निवड दिली असती तर प्रत्येकाने आपल्याच वाद्याचा मोठा तुकडा असलेली चीज पुढे केली असती. मोठा ढोल वाजवणाऱ्या कारभारीने तर नुसता ढोलच ठेवला असता.

बँड म्हणजे वरातीचा नव्हे. स्टेजवर खुर्च्या मांडून, समोर कागद लावून वाजवायचा, आणि लोकांनी समोर बसून निमूट ऐकायचा. रेल्वेतून आणि पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, डीजेने धंदा बुडवलेले लग्नातले वाजंत्री आणि कॉलेजातली थोडी पोरं असा सगळा गोतावळा. ललिता शाळेत संगीत शिकवायची आणि संध्याकाळी आपल्या क्लॅरिनेटवर या सगळ्यांचे सूर मिळवून घ्यायची, मग ताल दाखवायची काठी घेऊन समोर उभी राहायची. सोमनाथकाका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते, ते सेक्रेटरी.

"अर्धं जुनं घे, अर्धं नवं घे," सोमनाथकाका म्हणाले. "आणि शेवटी एखादं लोकांच्या ओळखीचं. नाहीतर लोक म्हणतात, बाईंनी छान झोपवलं."

ललिता हसली. तिची निवड झाली होती. त्या वर्षी ती श्रोत्यांसाठी निवडत नव्हती, एका माणसासाठी निवडत होती. त्या माणसाचं नाव धनराजशेठ.

एके काळी नाशकात धनराजशेठच्या ट्रम्पेटशिवाय मोठ्या घरचं लग्न लागत नसे. अंबडच्या कारखानदारांपासून हरसूलच्या पाटलांपर्यंत सगळ्यांना त्यांचाच बँड हवा. त्या बँडमध्ये ललिताचे वडील भिका क्लॅरिनेट वाजवायचे. मूळचे हरसूलचे, भोपळ्याची पावरी फुंकत वाढलेले. क्लॅरिनेट हातात आली आणि त्यांनी तीही तशीच बोलती केली. एका लग्नात मुलीच्या बापाने शेठसाठी आणलेला हार सरळ भिकाच्या गळ्यात घातला आणि भर मांडवात म्हणाला, "बँड कुणाचा का असंना, जीव या गड्याचा हाय."

शेठ तिथे हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिकाच्या क्लॅरिनेटची पत्ती काढली आणि आपल्या खिशात टाकली. पत्ती नसली की क्लॅरिनेट म्हणजे लाकडाची नळी, फुंकलं तर नुसती हवा. "उद्यापासून तू डमी," शेठ म्हणाले.

डमी हा बँडवाल्यांचा जुना रिवाज. वरात भरलेली दिसावी म्हणून वाजवता न येणाऱ्या माणसांनाही कोट-टोपी चढवून हातात बाजा द्यायचा आणि रांगेत उभं करायचं. गाल फुगवायचे, आवाज काढायचा नाही. त्यात लाज नव्हती, कारण त्या माणसांना वाजवता येतच नसे. भिकाला येत होतं. दुसऱ्या बँडात जावं, तर गावातला एकही बँडवाला शेठच्या शब्दाबाहेर नव्हता. पोरीची शाळा चालू होती. भिका डमी म्हणून उभा राहिला.

हरसूलच्या एका वरातीत ललिता बापाला ऐकायला म्हणून आत्याबरोबर उभी होती. गावातली माणसं भिकाकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत होती, हा आमचा. बाप समोरून गेला. ओठ क्लॅरिनेटला लागलेले, गाल फुगलेले, आणि बोटं प्रत्येक सुराच्या जागी बरोबर पडत होती. ललिताला बोटांवरून गाणं ओळखता येत होतं, पण बापाचा सूर कानावर येत नव्हता. आत्या म्हणाली, "भिक्याचा आवाज येत नाय गं?" त्या दिवसापासून तिच्या मनात शेठबद्दल जे धरलं गेलं ते बाप गेल्यावरही सुटलं नाही. सुटावं असं तिला कधी वाटलंही नाही.

पुढे डीजे आले, शेठचा बँड मोडला, कोट विकले गेले. मिशी मात्र तशीच पिळलेली राहिली. असे हे शेठ आदल्या वर्षीचा कार्यक्रम होऊन गेल्यावर स्वतःहून स्टेजच्या बँडात आले आणि मान म्हणून पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीत बसले. शेजारी त्यांचाच जुना माणूस लखन. तालमीत शेठ क्वचितच फुंकायचे. "वठ राखावा लागतो," म्हणायचे. "कार्यक्रमाला बघा." लग्नातले वाजंत्री तालमीत ओठ राखतातच, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. ललिताला तो माज वाटला.

मग तिने निवड केली, आणि काय निवड केली. जुन्यातलं तिने युरोपातलं एक संध्याकाळचं संगीत घेतलं, राजवाड्याच्या बागेत वाजवायचं. बागेतल्या त्या मंडळींत ट्रम्पेटला जागाच नव्हती. मग भूप रागातली एक रचना, सगळी क्लॅरिनेट आणि बासरीच्या अंगाने जाणारी. ट्रम्पेटला अगदी शेवटी दोन लांब सूर, तेही लखनच्या जोडीने. आणि नव्यातली पुण्याच्या एका तरुण मुलीने लिहिलेली, धरणावरच्या धुक्यावरची रचना. त्यात ट्रम्पेटवाल्यांनी सूर काढायचाच नव्हता. नळीतून नुसती हवा सोडायची, धुकं सरकल्यासारखी. कागदावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा ललिता घरात एकटीच मोठ्याने हसली होती.

"ट्रम्पेटला काहीच नाही की," सोमनाथकाका म्हणाले.

"आपल्या क्लॅरिनेट चांगल्या आहेत, काका. जे चांगलं आहे ते पुढे आणायचं. आणि नवीन संगीत लोकांनी ऐकायला नको?"

कारणं खरी होती. सूड घ्यायला खऱ्या कारणांइतकं सोयीचं दुसरं काही नाही. शेठना तिने मानाने पहिल्या रांगेत, सगळ्या नाशिकला दिसतील असं बसवलं. गाल फुगवून, गप्प. आता ते चिडतील, कागद फेकतील, मग आपण बापाची गोष्ट काढू, असं तिने ठरवलं होतं.

शेठ चिडले नाहीत. तालमीमागून तालीम त्यांनी शहाण्या मुलासारखी हवा सोडली. ललिताला संध्याकाळी जेवण गोड लागेना.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शेवटची तालीम झाली आणि ती चहाच्या टपरीवर उभी होती, तिथे शेठ आले. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "ललिताबाई, तुमचे लय उपकार झाले."

"कसले?"

"पुढचे दात गेले माझे. कवळी बसवली, पण सूर धरत नाय. दोन वर्षं झाली, एक सूर निघाला नाय धड. तुम्ही वळखलं, आन् असं निवडलं की माझी झाकली मूठ राहिली. कुणाला बोलू नका फक्त." त्यांनी हात जोडले. "भिकाची पोर शोभता."

ललिताच्या अंगाची लाही लाही झाली. इतक्या मेहनतीने विणलेलं जाळं, आणि हा माणूस त्यात झोका बांधून बसला होता. तिने कप खाली ठेवला.

"शेठ, बाबांच्या क्लॅरिनेटची पत्ती तुम्ही का काढली होती?"

"कोणती पत्ती?"

"त्यांना डमी केलं होतं तुम्ही."

शेठनी खरंच आठवून पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. "आसंल बाई. लय डमी होते आपल्याकडं. कोण कोण ध्यानात ठेवणार?"

ललिता हॉलवर परतली आणि सोमनाथकाकांना म्हणाली, "शेवटचं ओळखीचं गाणं ठरलं. नवरी निघतानाची धून. कागद नकोत, सगळ्यांना पाठ आहे."

संध्याकाळी हॉल भरला. बागेतलं संगीत लोकांनी मान डोलावत ऐकलं, भूपाला टाळ्या पडल्या. धुक्याच्या वेळी आधी थोडी चुळबूळ झाली, म्हणून ललिताने माइकवर सांगितलं की ट्रम्पेटमधून नुसती हवा येईल, ती कान देऊन ऐका. लोकांनी कान दिला. त्यांना ते आवडलंही.

मग ती पुन्हा माइककडे गेली. "शेवटी नवरी निघतानाची धून. नाशिकमधल्या कितीतरी घरांतल्या मुली या धुनेवर सासरी गेल्या. सुरुवात धनराजशेठ एकटे करतील. त्यांची धून खाली उतरली की मग बँड येईल."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मागे कुणी शिट्टी मारली. शेठ बसून राहिले. लखनने कौतुकाने त्यांच्या कोपराला धक्का दिला. ते उठले आणि त्यांनी ललिताकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. ललिताने ती नीट पाहून घेतली आणि काठी वर केली.

शेठनी ट्रम्पेट ओठाला लावलं. गाल फुगले. हवा आली, नुसती हवा. त्यांनी पुन्हा दम घेतला, पुन्हा तीच हवा. आणि थांबायची लाज वाटली म्हणून असेल, की जन्माची सवय म्हणून असेल, त्यांची बोटं चालू लागली. पहिला चढ, मग नवरी उंबऱ्यावर थबकते तो ठहराव, मग उतार. प्रत्येक बोट आपल्या जागी.

हॉल एकदम शांत झाला. लोकांना वाटलं, हेही मघासारखंच नवीन काहीतरी. बाईंनीच तर शिकवलं होतं, हवा कान देऊन ऐका. पहिल्या रांगेतल्या एका बाईने तर डोळ्यांना पदर लावला. पण बँडातल्यांना कळलं. लखनची मान खाली गेली. शेठच्या बँडात तीन मोसम डमी म्हणून उभा राहिलेला कारभारी ढोलाच्या कडेवर हात ठेवून टक लावून पाहत होता, आणि त्याचं तोंड हळूहळू घट्ट मिटलं. शेठना समोरचे लोक दिसत नसावेत, पाठीमागचे मात्र न वळताही सगळे दिसत होते.

धून खाली उतरली. बँड घ्यायची वेळ आली. ललिताने काठी हलवली नाही. शेठना दुसरा तुकडाही तसाच करावा लागला, आणि तिसराही. त्यांच्या कपाळावरून घाम मिशीत उतरला. आपल्याला वाईट वाटेल अशी ललिताला थोडी भीती होती. वाईट वाटलं नाही. हरसूलच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या त्या मुलीला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

तिने काठी खाली घेतली तेव्हा टाळ्या पुन्हा कडकडल्या. लोक उभे राहिले. शेठना वाकून त्या टाळ्या घ्याव्या लागल्या, न वाजवलेल्या गाण्याच्या. बँडातल्या एकानेही टाळी वाजवली नाही.

खुर्च्या आवरताना शेठ तिच्यापाशी आले. ट्रम्पेट त्यांनी काखेत धरलं होतं आणि मिशीचं एक टोक सुटलं होतं.

"डाव्या अंगाला उभा राहायचा," ते म्हणाले. "टोपी मोठी व्हायची त्याला, कानावर यायची. हरसूलच्या वरातीत मी मागं वळून बघितलं होतं, तर बोटं चालवत होता." त्यांनी ट्रम्पेट दुसऱ्या काखेत घेतलं. "मी हसलो होतो तवा."

ललिताने आपली क्लॅरिनेट उघडली, पत्ती काढून पुसली आणि डबीत ठेवली.

"बोटं बरोबर पडली तुमची, शेठ," ती म्हणाली. "बाबांचीही पडायची. गुरुवारी तालमीला या. वरात भरलेली दिसायला हवी ना, पहिल्या रांगेतली खुर्ची तुमचीच आहे."